गोदाकाठचे नाशिक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

नाशिकच्या यात्रेविषयी काय अडते ते नागपूर परिसरातल्या वाचकांनी कळवावे, असे गेल्या अंकात म्हटले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत तारीख आधी ठरली आहे आणि बाकीचे त्या तारखेत बसवायचे आहे. नाशिकला हा क्रम उलटा ठेवावा लागतो. आधी गोदावरीला पाणी किती असेल ते बघायचे, मग बरोबरच्या माणसांचे गुडघे, आणि शेवटी कॅलेंडर. खालची उत्तरे याच हिशोबाने दिली आहेत.

प्रश्न : आई ७४ वर्षांची, बाबा ७९. दिवाळीनंतर दोन दिवसांची रजा मिळते आहे. रेल्वेने जावे की समृद्धी महामार्गाने कारने? पहिल्या दिवशी नाशिक आणि त्र्यंबक, दुसऱ्या दिवशी शिर्डी असे जमेल का? (प्रतापनगर)

जमेल, पण आईबाबांचा बहुतेक वेळ गाडीत बसण्यात जाईल. शिर्डी या खेपेला सोडा. नाशिकला एक पूर्ण दिवस आणि त्र्यंबकला एक सकाळ, एवढेच ठेवा.

या वयाच्या माणसांना रेल्वे बरी. नागपूरहून मुंबईकडे जाणाऱ्या विदर्भ आणि सेवाग्राम या दोन्ही गाड्या नाशिक रोडला थांबतात. फरक पोहोचण्याच्या वेळेत आहे. विदर्भ संध्याकाळी निघते आणि नाशिक रोडला भल्या पहाटे, अंधारात उतरवते. सेवाग्राम रात्री निघते आणि सकाळी उजाडल्यावर पोहोचते. म्हाताऱ्या माणसांना सेवाग्रामच सोयीची. विदर्भचेच आरक्षण मिळाले, तर उजाडेपर्यंत स्टेशनच्या प्रतीक्षालयात बसा. पहाटे साडेतीनला पंचवटीतल्या धर्मशाळेचे दार ठोठावण्यात काही अर्थ नसतो, खोली बहुतेक ठिकाणी सकाळीच मिळते. गाडी मनमाडला आली की सामान आवरायला घ्या, कारण नाशिक रोडचा थांबा थोडाच असतो.

नाशिक रोड हे नाशिक शहर नव्हे. तिथून पंचवटी साधारण दहा किलोमीटर आहे. पंचवटीतल्या निमाणी स्थानकापर्यंत सिटीलिंकच्या बसगाड्या सतत असतात. रिक्षा करायची असेल तर पंचवटी एवढेच सांगू नका. उतरायची जागा सांगून भाडे आधी ठरवा. मुक्काम पंचवटीतच करा, पण खोली घेताना दोन गोष्टी विचारा: लिफ्ट आहे का, आणि दारापर्यंत रिक्षा येते का. रामकुंड खोलगट भागात आहे. मालेगाव स्टँडकडून उतरताना काही वाटत नाही, परतताना तोच उतार चढ होतो आणि नेमके उपाशी पोटी, ओल्या कपड्यांत असतानाच तो चढावा लागतो. सणाच्या दिवसांत वाहने बरीच अलीकडे अडवली जातात, तेही धरून चला.

कारनेच जायचे असेल तर शिवमडक्याहून समृद्धीला लागून सिन्नरजवळच्या गोंदे इंटरचेंजला उतरा आणि पुणे-नाशिक रस्त्याने नाशिक गाठा. महामार्गावरचे अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे भरते. या रस्त्यावर खड्डे नाहीत, पण दोन गोष्टी त्रास देतात. पहिली म्हणजे टायर. सिमेंटचा तापलेला रस्ता आणि तासन्‌तास एकच वेग यामुळे जुना किंवा कमी हवेचा टायर आतून तापतो आणि फुटतो. हवा घरून निघताना, टायर गार असताना मोजा. गाडीच्या दाराच्या चौकटीवरच्या कागदावर कंपनीने दिलेला आकडा असतो, तेवढीच भरा. टायर पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर या प्रवासाआधीच बदला. दुसरी म्हणजे डोळ्यांवर येणारी झापड. वळण नाही, गाव नाही, समोर कोणी आडवे येत नाही, म्हणून मेंदू सुस्तावतो. दर दोन तासांनी थांबा, झोप येत नसली तरी. दुचाकीला या रस्त्यावर बंदी आहे. एका कामठीकर वाचकाने बुलेटने जाण्याबद्दल विचारले होते, त्यांनाही हेच उत्तर.

त्र्यंबक नाशिकहून सुमारे तीस किलोमीटर आहे. मंदिर पहाटे साडेपाचला उघडते. सोमवार, अमावास्या आणि श्रावण टाळून सकाळी सहाच्या आत रांगेत उभे राहिलात तर दर्शन लवकर होते. दहानंतर तीच रांग कित्येक तासांची होऊ शकते. आईबाबांसाठी घडीचे स्टूल न्या. रांगेत बसायला जागा मिळेलच असे नाही.

प्रश्न : वडिलांच्या अस्थी रामटेकला अंबाळ्यात विसर्जित केल्या. थोड्या नाशिकसाठी बाजूला ठेवल्या आहेत. रामकुंडावर काय काय लागते, किती वेळ लागतो? तिथल्या गुरुजींकडे घराण्याची वही असते म्हणतात, ती आम्हाला पाहता येईल का? (महाल)

अस्थी म्हणजे हाडांचे वेचलेले तुकडे. राख वेगळी. बरेच जण दोन्ही मिळून मोठी पिशवी भरून आणतात, त्याची गरज नाही. लहान मडक्यात किंवा सुती कापडाच्या पुरचुंडीत मूठभर अस्थी पुरतात. प्लास्टिक वापरू नका. घाटावर गाठ सुटत नाही, मग पिशवीसकट पाण्यात सोडले जाते, आणि हे तिथे रोज घडते.

बरोबर ठेवायच्या गोष्टी अशा. मृत्यूच्या दाखल्याची एक प्रत. दोन धोतरे आणि टॉवेल, म्हणजे एक ओले झाले तरी दुसरे असते. गोत्र. आणि सर्वांत महत्त्वाची, घरून लिहून आणलेली नावे: वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, आईकडचे आजोबा, पणजोबा आणि त्यांच्या बायका. पणजोबांचे नाव कुणीतरी सांगतो, पणजीच्या नावाला सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग घाटावरून नागपूरला मावशीला फोन, तिला ऐकू येत नाही, आणि मागे पुढचा यजमान खोळंबलेला. कागद निघायच्या आठवडाभर आधी तयार करा. पिंडाचे साहित्य, दर्भ, तीळ हे सगळे गुरुजींकडे असते. नागपूरहून न्यायची गरज नाही.

क्रम साधारण असा असतो: क्षौर, स्नान, संकल्प, पिंडदान, मग रामकुंडातल्या अस्थिविलय तीर्थात विसर्जन, शेवटी तिलांजली. गोदेला अरुणा नदी याच परिसरात मिळते असे मानतात. नुसते विसर्जन तास-दीड तासात होते. तीर्थश्राद्धही करायचे असेल तर अर्धा दिवस धरा आणि कर्त्याने ते होईपर्यंत काही खाऊ नये. मधुमेह असलेल्या कर्त्याने हे आधीच गुरुजींना सांगून सकाळची पहिली वेळ घ्यावी. दक्षिणा संकल्पाआधी स्पष्ट ठरवा: त्यात साहित्य, भोजन, गोदान धरले आहे की नाही. संकोच करून नंतर कुरकुरण्यापेक्षा हे बरे. अमावास्या आणि पितृपक्षात घाटावर बसायला जागा मिळत नाही. तुम्हाला तिथीचे बंधन नसेल तर ते दिवस टाळा.

वहीबद्दल. क्षेत्रोपाध्यायांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या असतात आणि त्या आडनाव व मूळ गाव यांवरून लावलेल्या असतात. महालातल्या अनेक घराण्यांची इथेच गल्लत होते. भोसल्यांच्या काळात देशावरून किंवा कोकणातून नागपुरी आलेल्या घराचा शोध ‘नागपूर’ या नावाखाली घेतला, तर हाती काही लागत नाही. मूळ गाव, जुना तालुका आणि शक्य तर बदललेल्या आडनावाआधीचे आडनाव सांगा. आपले उपाध्ये कोण, हे माहीत नसेल तर रामकुंडावरच्या पुरोहित संघाकडे विचारा. वही सापडली तर फक्त फोटो काढून निघू नका. तुमच्या पिढीची नावे, मुलींचीसुद्धा, त्यात लिहून घ्या. पुढच्या माणसाला तीच उपयोगी पडतात.

प्रश्न : नारायण नागबली रामकुंडावर होतो का? (वाडी)

तो त्र्यंबकेश्वरला करतात. तीन दिवसांचा विधी आहे, त्यामुळे मुक्काम तिथेच घ्या. नाशिकहून रोज ये-जा करू नका.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये मुलांना सुट्या जोडून मिळतात. तेव्हा रामकुंडात स्नान करता येते का? पाणी स्वच्छ असते का? (हिंगणा)

गोदावरीचे नाशिकमधले पाणी पावसापेक्षा वरच्या गंगापूर धरणावर अवलंबून असते. २०१६ हे वर्ष लक्षात ठेवा. त्या वर्षी एप्रिलमध्ये रामकुंड कोरडे पडले होते आणि २ ऑगस्टला त्याच जागी महापूर होता. मधले अंतर जेमतेम चार महिन्यांचे. २००८ च्या सप्टेंबरात आणि २०१९ च्या ऑगस्टातही गोदा अशीच घाट सोडून बाजारात शिरली होती.

पूर मोजायची नाशिककरांची स्वतःची खूण आहे: काठावरचा दुतोंड्या मारुती. पाणी मारुतीच्या पायाला लागले, गुडघ्यापर्यंत आले, कमरेला आले, छातीला लागले, अशी बातमी शहरभर जाते. मारुतीच्या पायाशी पाणी असले तरी बाहेरच्या माणसाने घाटावर उतरू नये. तुम्ही उभे असता तिथे ऊन असते आणि पाऊस पडत असतो त्र्यंबकला. धरणातून विसर्ग सोडला की काही तासांत घाटाच्या पायऱ्या एकेक करत बुडू लागतात. त्यामुळे आकाश बघून अंदाज बांधू नका. निघायच्या दिवशी आणि स्नानाच्या सकाळी गंगापूरमधून किती क्युसेक विसर्ग चालू आहे ही बातमी बघा. विसर्ग वाढवणार असे जाहीर झाले असेल तर लहान मुले बरोबर असताना घाट सोडाच, गोदाकाठच्या सखल पार्किंगमध्ये गाडीही लावू नका.

स्वच्छतेचे म्हणाल तर पावसाळ्यात पाणी गढूळ, हिवाळ्यात बरे, एप्रिल-मेमध्ये साचलेले. स्नान करा, पण तोंडात घेऊ नका. आचमनासाठी घरून बाटलीत पाणी न्या, गुरुजी त्याला हरकत घेत नाहीत. पायऱ्यांवर शेवाळ असते, विशेषतः पाण्याच्या रेषेवरच्या दोन पायऱ्यांवर. मुलांना तिथे उभे करू नका. साखळी किंवा कठडा धरून, पाण्याकडे तोंड न करता आडवे उतरा. सोमेश्वरचा धबधबा आणि तपोवनातले कपिला संगमाजवळचे खडक पावसाळ्यात लांबून पाहावेत. खडकातल्या डोहांची खोली वरून कळत नाही.

नदी पाहायला उत्तम काळ म्हणजे ऑक्टोबरचा मध्य ते फेब्रुवारी. पाऊस संपलेला, पाणी वाहते, घाट धुतलेले. थंडी मात्र चांगली वाजते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे स्वेटर घालूनच घाटावर जा आणि आजी-आजोबांना स्नान उन्हे आल्यावरच करू द्या. संध्याकाळी घाटावर गोदाआरती असते, ती चुकवू नका.

प्रश्न : सीता गुंफेत आत जाता येईल का? मला दमा आहे, पत्नीचे गुडघे दुखतात. (सक्करदरा)

दोघांनीही जाऊ नये, असे आम्ही सांगू. सीता गुंफा काळाराम मंदिराजवळ, पंचवटीच्या वडांशेजारी आहे. वाट अरुंद आणि छत बुटके. उतरताना आधी कमरेत वाकावे लागते आणि मग काही ठिकाणी बसून सरकावे लागते. आत राम, लक्ष्मण, सीता आणि शिवलिंग आहे. त्रास अंधाराचा नसतो, दिवे आहेत. त्रास मधेच रांग थांबते तेव्हा होतो: पुढचा माणूस पुढे जात नाही, मागच्याला मागे हटता येत नाही, हवा कोंदट होते. दम्याच्या माणसाला तेवढे पुरते. जायचेच असेल तर रांग नसलेली वेळ गाठा, म्हणजे कामाच्या दिवसाची सकाळ किंवा दुपारी जेवणाच्या सुमारास. पाठीवरची पिशवी बाहेर ठेवा. ती छताला अडकते. आत जाणाऱ्याने खिशातला इनहेलर हातात धरावा, कारण वाकलेल्या स्थितीत खिशात हात जात नाही. सत्तरीच्या आत आणि गुडघे धड असलेल्या माणसाला काही अडचण नाही. जाडजूड माणसाने मात्र आधी बाहेर येणाऱ्यांकडे बघून घ्यावे.

पत्नींना बाहेर थांबायचे असेल तर काळारामाचे प्रशस्त आवार पाच मिनिटांवर आहे. रामकुंडाजवळच्या कपालेश्वरालाही पायऱ्या आहेत. शंकरासमोर नंदी नसलेले देऊळ म्हणून सगळे ते सांगतात, पण गुडघ्यांना ते काळारामापेक्षा जड आहे.

प्रश्न : आमच्या वस्तीतले चाळीस जण धम्मयात्रेला निघणार आहोत. त्रिरश्मी लेणी आणि काळाराम मंदिर दोन्ही करायचे आहे. लेण्यांत नेमके काय बघावे? येवला परतीच्या वाटेवर येते का? (इंदोरा)

लेणी आधी, सकाळी. शहरापासून मुंबई रस्त्यावर सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. पांडवलेणी म्हणून विचारलेत तरी रिक्षावाला तिथेच सोडतो. पायथ्याशी बुद्धविहार आणि फाळके स्मारक आहे. २०२३ साली इथे श्रीलंकेतील अनुराधापूरच्या बोधिवृक्षाच्या फांदीचे रोपण झाले. वर जायला दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, वीस मिनिटे धरा. रामटेकचा गड चढलेल्या माणसाला हा चढ जड नाही. तिकीट पुरातत्त्व खात्याचे आहे. पाणी खालूनच भरून न्या. चाळीस जणांची रांग लावून प्रत्येक लेण्यात शिरण्यापेक्षा दहा-दहाचे गट करा, कारण खोल्या लहान आहेत.

लेणी एकूण २४. सगळी बघताना शेवटी सगळी सारखीच दिसू लागतात. म्हणून चार नक्की बघा, बाकीची वेळ उरला तर.

क्रमांक १९ सर्वांत जुन्यांपैकी. सातवाहन राजा कृष्ण (कण्ह) याच्या काळातला लेख इथे आहे. लेणे लहान, साधे आहे. ते आधी पाहिले तर पुढच्या लेण्यांतली भर लक्षात येते.

क्रमांक १० क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचे. इथला एक शिलालेख हिशोबाच्या वहीसारखा वाचता येतो. त्याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, महिना शेकडा १ व्याजाने. १,००० दुसरीकडे, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मूळ रक्कम परत काढायची नाही, फक्त व्याज वापरायचे. आता गणित करा. २,००० वर महिना २०, वर्षाला २४०. लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे असे लेख सांगतो, म्हणजे बरोबर २४०. दुसऱ्या ठेवीचे वर्षाचे ९० वरखर्चाला. दोन हजार वर्षांपूर्वीचे विणकर बँकेचे काम करत होते आणि हिशोब पैशापर्यंत जुळत होता. मुलांना हे दगडासमोर उभे करून सोडवायला लावा. गोवर्धन हे गाव गंगापूरकडे आजही आहे.

क्रमांक ३ गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचे. नातू पुळुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातल्या लेखात तिने मुलाचा पराक्रम सांगितला आहे: क्षहरातांचा वंश त्याने निःशेष केला, त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्याले. हे क्षहरात म्हणजे १० क्रमांकाच्या लेण्यातले नहपानाचे घराणे. म्हणून ही दोन लेणी लागोपाठ बघावीत. आराखडा जवळजवळ तोच, फक्त ३ मध्ये खोल्या १८, १० मध्ये १६. जिंकणाऱ्याच्या आईने हरलेल्याच्या जावयापेक्षा मोठे लेणे कोरून घेतले, असे म्हणायला जागा आहे. व्हरांड्याच्या तुळया खांद्यावर पेलणारे ठेंगू यक्ष खाली वाकून बघा. याच लढाईचा दुसरा पुरावा नाशिकजवळ जोगलटेंभीला १९०६ मध्ये सापडला: नहपानाच्या १३,००० हून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा, त्यातल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला.

क्रमांक १८ हे इथले एकमेव चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेले प्रार्थनेचे लेणे. नालाकृती कमान बाहेरून, स्तूप आतून. वंदना घ्यायची असेल तर इथे शांतपणे, पाळीपाळीने घ्या. आवाज घुमतो, त्यामुळे माईकची गरज नाही. मेणबत्त्या आणि उदबत्त्या आत लावू नका. दगडावर काजळी बसते ती निघत नाही, शिवाय या डोंगरावर मधमाश्यांची पोळी आहेत आणि धुराने माश्या उठतात. तीव्र अत्तर लावून जाऊ नये. माश्या उठल्या तर हात न झटकता डोके-तोंड कापडाने झाकून सरळ पायऱ्यांनी खाली यायचे, हे गटाला खालीच सांगून ठेवा. लेण्यांच्या वरच्या कड्याकडे जाणारी पाऊलवाट पोरांना खुणावते. तिकडे कोणालाही जाऊ देऊ नका, चढता येते आणि उतरता येत नाही.

नंतरच्या काळातल्या बुद्धमूर्ती काही लेण्यांत आहेत, ११ मध्ये जैन शिल्पे. वेळ असेल तर बघा.

दुपारी काळाराम. काळ्या दगडातले हे देऊळ सरदार ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे काही वर्षे चिकाटीने चालवला. गटाला हे सांगायचे तर मंदिराच्या चारही दरवाजांभोवती फेरी मारून सांगा. सत्याग्रही या दरवाजांपुढेच बसले होते.

येवला वाटेवर येते आणि ते घ्याच. नाशिकहून ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर, मनमाड तिथून जवळ. १३ ऑक्टोबर १९३५ ची धर्मांतराची घोषणा येवल्याची. तिथे मुक्तिभूमी आहे. बसने असाल तर नाशिक-येवला करून पुढे समृद्धीला लागा. रेल्वेने असाल तर येवल्याहून मनमाडला येऊन नागपूरची गाडी पकडा, पण तिकीट काढतानाच चढण्याचे स्टेशन मनमाड लिहा. नाशिक रोडचे आरक्षण असताना मनमाडला चढायचे तर आधी बोर्डिंग बदलून घ्यावे लागते, नाहीतर सीट दुसऱ्याला जाऊ शकते.

प्रश्न : गजपंथाला वृद्धांसाठी डोलीची सोय असते का? किती पायऱ्या आहेत? (वर्धमाननगर)

गजपंथ हे जैन क्षेत्र म्हसरूळला, नाशिकच्या उत्तरेला आहे. पायथ्याच्या धर्मशाळेत आदल्या संध्याकाळी चौकशी करा. आयत्या वेळी सकाळी डोलीवाले मिळतीलच असे नाही. पायऱ्या चारशेहून अधिक आणि उंच आहेत. सूर्योदयाला चढायला सुरुवात केली तर उन्हे चढायच्या आत खाली येता. वरची कोरीव जैन लेणी हेच क्षेत्राचे हृदय, त्यामुळे खालच्या मंदिरावर समाधान मानायची वेळ येऊ नये म्हणून पहिला मुक्काम म्हसरूळलाच ठेवा.

प्रश्न : आम्ही वारकरी. त्र्यंबकला निवृत्तिनाथांच्या समाधीचे दर्शन आणि ब्रह्मगिरी एका दिवसात होईल का? (उमरेड रस्ता)

धडधाकट माणसाचे होईल. पहाटे कुशावर्त कुंडावर स्नान, समाधीचे दर्शन, आणि सातच्या आत चढायला सुरुवात. ब्रह्मगिरीवरच्या गंगाद्वारापर्यंत सातशेच्या वर पायऱ्या आहेत. त्या परिसरातच गोरक्षनाथांची गुहा दाखवतात. निवृत्तिनाथांना गहिनीनाथांचा उपदेश ब्रह्मगिरीच्या गुहेत झाला अशी आपली परंपरा, त्यामुळे वारकऱ्याला गंगाद्वार चुकवून चालत नाही. ब्रह्मगिरीचा माथा मात्र वेगळ्या वाटेने आणि बराच वर आहे. गंगाद्वार आणि माथा दोन्ही करायचे तर पूर्ण दिवस लागतो. दोन्हीपैकी एकच करायचे असेल तर गंगाद्वार करा.

माकडांपासून सांभाळा. हातात पिशवी दिसली की ती गेलीच. काठी हवी आणि खाणे पाठीवरच्या बंद पिशवीत. पावसाळ्यात धुक्याने पायरी दिसत नाही. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला प्रचंड गर्दी असते. फेरी वीस किलोमीटरची आहे, मोठी चाळीसची. पौष वद्य एकादशीच्या यात्रेला दिंडी नेणार असाल तर मुक्कामाची जागा दिवाळीआधी पक्की करा.

प्रश्न : सिंहस्थाला कधी जावे? आरक्षण कधी करावे? (मनीषनगर)

जाहीर झालेल्या तारखा अशा: ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६, अमृतस्नाने (पूर्वीची शाही स्नाने) २ ऑगस्ट २०२७ आणि ३१ ऑगस्ट २०२७, तिसरे नाशिकला ११ सप्टेंबर आणि त्र्यंबकला १२ सप्टेंबर २०२७. वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात, शैव त्र्यंबकला कुशावर्तावर. नागा साधूंची मिरवणूक बघायची असेल तर त्र्यंबक, एवढे आधी ठरवा. एकाच दिवशी दोन्ही होत नाही.

आमचा सल्ला: अमृतस्नानाच्या दिवशी जाऊ नका, विशेषतः मुले किंवा म्हातारी माणसे बरोबर असतील तर. पर्वकाळ वर्षभराहून अधिक चालतो. स्नानाचे पुण्य त्यातल्या कुठल्याही दिवशी घेता येते आणि कुंडापर्यंत चालतही जाता येते. २७ ऑगस्ट २००३ च्या स्नानाला काळाराम ते रामकुंड या बाजूच्या अरुंद, उताराच्या गल्लीत सरदार चौकाजवळ चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक गेले. उताराच्या गल्लीत मागचा लोंढा पुढच्यावर स्वतःच्या वजनाने येतो. थांबायचे म्हटले तरी थांबता येत नाही. ही गल्ली जुन्या पंचवटीची आहे, तिची रुंदी सिंहस्थापुरती वाढत नाही.

तरी जायचेच असेल तर मिरवणूक संपेपर्यंत बाहेरच्या घाटांवर, तपोवनाच्या बाजूला स्नान करा. गर्दीत अडकलात तर प्रवाहाविरुद्ध वळू नका, वस्तू पडली तर वाकू नका, हात छातीसमोर आडवे धरा म्हणजे श्वासाला जागा राहते, आणि तिरपे सरकत कडेला या. सोबत्यांनी भेटायची जागा आधी ठरवावी आणि ती मोबाइलवर अवलंबून नसावी, कारण अशा दिवशी नेटवर्क गळते. प्रत्येकाच्या खिशात नाव, गाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. मुलांच्या शर्टाला आतून शिवलेली. रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, म्हणजे २ ऑगस्टसाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात. परतीचे तिकीट त्याच बैठकीत काढा. जाण्याचे मिळते, येण्याचे मिळत नाही.

प्रश्न : गंगेचा गडू नाशिकहून आणायचा आहे. रेल्वेत सांडतो. काय करावे? (कामठी)

भांडी बाजारात तांब्याचे गडू मिळतात. रिकामा गडू आधी घ्या, पाणी भरून झाकणाच्या कडेला डाक मारून घ्या, आणि दुकानातच उलटा धरून पाच मिनिटे ठेवायला सांगा. गळत असेल तर बुंध्याच्या जोडाशी ओल दिसते. काठोकाठ भरू नका. बोटभर जागा सोडली की उन्हात पाणी प्रसरण पावून डाक फुटत नाही. नागपूरच्या उन्हात गाडीच्या काचेमागे ठेवलेले गडू याच कारणाने गळतात.

चिवड्याबद्दल विचारणाऱ्यांना: शेवटच्या दिवशी घ्या. आणि मिसळ नाशिकची नामांकित असली तरी सावजीवर वाढलेल्या जिभेने तिखटाची अपेक्षा जरा बेतानेच ठेवावी. पंचवटीत मांसाहार विचारत फिरू नका.